मोहगावला उतरून पुढे पायी

पांढुर्णा,
रविवार, १६ फेब्रुवारी १९८६

प्रिय विजया,

‘तू’ लिहितो आहे. समोरासमोर इतकी वर्षं ‘विजयाबाई’ आणि ‘तुम्ही’ यांच्यापलीकडे माझी जीभ गेली नाही, हे तुला माहीत आहे. पण तू बैतूलला, मी पांढुर्ण्याला, मध्ये अख्खा घाट. एवढ्या लांब तुझी छडी पोचत नाही असा विचार करून हे धाडस केलं. आवडलं नाही तर पुढच्या कार्डावर लाल शाईने रेघ मार. मास्तराला लाल शाई लवकर कळते.

तुझं कार्ड बुधवारी मिळालं. एरवी तुझी कार्डं म्हणजे हवामान खात्याचं निवेदन: थंडी ओसरली, वारा उत्तरेचा, मुलांचे खोकले बरे. भूगोलाच्या बाईंकडून मी याहून जास्त कधी मागितलंही नाही. या वेळी मात्र निवेदन संपल्यावर, कडेला जागा उरली तिथे, बारीक अक्षरात तू लिहिलंस की दिलीपचं दुसरं लग्न नीट पार पडलं, नवी वहिनी मनाने चांगली आहे, तिने चूल आणि मुलं दोन्ही हाती घेतली, आता या घरात तुझ्यावाचून काही अडत नाही. बदलीचा अर्ज द्यायचा आहे. सिवनीला जागा आहे, सौंसरलाही आहे म्हणतात. काय करू? भावाची बायको गेली आणि तू सौंसरची शाळा सोडून बैतूलला निघालीस, तेव्हा मला काही विचारलं नव्हतंस. विचारण्यासारखं नव्हतंच, लहान मुलं होती, जाणं भागच होतं. आता विचारलं आहेस. ते ‘काय करू’ मी इतक्या वेळा वाचलं की शब्द संपून नुसता तुझा हात दिसायला लागला.

उत्तर देणार आहे. पण आमच्या शास्त्रात सिद्धान्ताच्या आधी पूर्वपक्ष मांडावा लागतो आणि त्याच्याही आधी मंगलाचरण. तेव्हा धीर धर. सिवनी की सौंसर ते शेवटच्या परिच्छेदात येईल. तिथे आधी डोकावू नकोस. उत्तरं मागच्या पानावर आधी पाहायची नाहीत, हे तूच पोरींना सांगत आलीस.

तर आधी बातम्या. फिरणं चालू आहे. नियमही आपलेच ठेवले आहेत: रविवारी सकाळच्या गाडीने निघायचं, दिवेलागणीच्या आत घरी; दोन्ही टोकांना रेल्वे नाहीतर रोडवेजची बस हवी; चढ नको, कारण चढावर मला श्लोक म्हणता येत नाहीत आणि मी श्लोक म्हटले नाहीत तर तुला गप्प करायला विषय मिळत नाही. मागच्या महिन्यात तिगावची वाट केली. पांढुर्ण्याहून पॅसेंजरने एकच स्टेशन जायचं आणि पांदणीने, शेतांच्या धुऱ्यांवरून चालत परत यायचं. डब्यात समोर तुळशीराम नावाचे एक गृहस्थ होते, मुलताईला लेकीकडे निघालेले. मी तिगावला उठलो तसे म्हणाले, “तिगावले कोनाकडे जी?” म्हटलं, कोणाकडे नाही. “मंग वावर हाय काय तिथं?” वावरही नाही. “मंग उतरून काहून राहिले?” चालत पांढुर्ण्याला जातो, म्हटलं. त्यांनी शेजारच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आत्ताच त पांढुर्ण्याहून बसले ना तुमी!” गाडी हलली तरी ते खिडकीतून फलाटावरच्या माणसाला खुणा करत होते, की या मास्तरावर जरा ध्यान ठेव बाप्पा. तू बरोबर असतीस तर हे झालं नसतं. दोघं उतरली की लोक समजतात सोयऱ्याकडे कार्याला आली. एकटा उतरला की समजतात घरून भांडून निघाला.

वाटेत एका शेतात हरभरा घाट्यावर आला होता. मालकाने बांधावरून आवाज दिला, “उपटा ना जी, लाजून काहून राहिले!” उपटला. पण चालता चालता हरभरा सोलायला दोन हात लागतात आणि जुडी धरायला तिसरा, हे मला या वयात पहिल्यांदा कळलं. जुडी तू धरायचीस. मी एका जागी उभा राहून थोडे घाटे खाल्ले आणि उरलेली जुडी एका गोऱ्ह्याला दिली. त्याला तिसऱ्या हाताची गरज नव्हती.

आपण कसे चालायला लागलो ते मी अलीकडे पुन्हा पुन्हा आठवतो. तुझ्या शाळेत श्लोकपाठांतराची स्पर्धा होती आणि मी परीक्षक. पोरींनी विसर्गाचं जे केलं ते ऐकून मी इतका खचलो की परतीची बस डोळ्यांसमोर निघून गेली. तू फाटकात उभी होतीस. म्हणालीस, “मोहगावपर्यंत चालायची तयारी असेल तर तिथून मागची गाडी मिळेल. मी रविवारी जातेच तिकडे.” जातेच तिकडे, कोणाकडे नाही, कशासाठी नाही. असं बोलणारं माणूस मला या तालुक्यात दुसरं भेटलेलं नव्हतं. मी तुझ्यामागून निघणार होतो, पण तू थांबलीस आणि म्हणालीस, “तुम्ही पुढे व्हा.”

त्यात शहाणपण होतं. मी विधुर, तू लग्न न केलेली, दोघंही सरकारी शाळेत. गावाला बोलायला एवढं भांडवल रग्गड. शेजारी शेजारी चाललो असतो तर सोमवारी दोन्ही गावांत प्रार्थनेच्या आधी बातमी पोचली असती. म्हणून मी पुढे आणि तू मागे, हाक ऐकू येईल पण आपसात बोलताना दिसणार नाही एवढं अंतर सोडून. गंमत अशी की पुढे असलो तरी वाट मला माहीत नसायची. फाटा आला की मागून आवाज यायचा, “डावीकडे.” मी डावीकडे वळायचो आणि जणू मीच ठरवलं असा चेहरा करायचो. शाळेत मुख्याध्यापकही असेच चालतात.

मग ते ठरूनच गेलं. मी पांढुर्ण्याहून बसने, तू सौंसरहून बसने, आणि भेटायचं मोहगावच्या देवळात. देऊळही कोणाचं, तर अर्धनारीश्वराचं. मी त्या देवाच्या स्तोत्राचा अर्थ आठवीच्या मुलांना फोड करून सांगणारा माणूस. इतकी वर्षं त्याच्याच पायरीवर बसून मी तुला फक्त बसच्या वेळा विचारल्या. देवाने कपाळाला हात लावला असेल, आणि त्याच्या कपाळाला हात लावणं म्हणजे किती जोखमीचं काम. संध्याकाळी पुन्हा मोहगाव. तुझी बस सौंसरकडे, माझी पांढुर्ण्याकडे. तुझी आधी यायची. तू खिडकीशी बसायचीस आणि बाहेर पाहायचीस, पण माझ्याकडे नाही, थांब्याच्या पाटीकडे. मीही पाटीकडेच पाहायचो. त्या पाटीवर काय लिहिलं होतं ते आज विचारलंस तर सांगता येणार नाही.

आणि मग देवकाबाईंचा बगीचा सापडला. मोहगावपासून पांदणीने गेलं की ओढा, आणि ओढ्यापलीकडे त्यांची संत्र्याची झाडं. पहिल्या दिवशी आपण तिथून जात होतो. मी मनात सहामाहीचे पेपर तपासत होतो आणि तू कुठल्याशा पक्ष्याच्या मागे लागली होतीस, त्यामुळे दोघांची तोंडं बंद. देवकाबाई विहिरीवर धुणं धूत होत्या. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, “भांडून येऊन राहिले काय जी?” मला आधी कळेचना कोणाला म्हणतात. “नवरा पुढं, बायको मांगं, अन् तोंडातून सबूद नाही! या, पानी पेऊन जा. पान्याशी काय भांडन हाय?” म्हणजे अब्रू राखायला आपण जे अंतर ठेवलं, त्या अंतरावरूनच त्यांनी आपलं लग्न लावून टाकलं. शेजारी चाललो असतो, हसत बोललो असतो, तर त्यांना लगेच शंका आली असती की ही नवरा-बायको नाहीत.

मी तोंड उघडलं होतं. पण तू बाजेवर बसून पाणी पीत होतीस आणि तुला हसू आवरत नव्हतं. तुझं ते हसू मी आधी पाहिलेलं नव्हतं. मी तोंड मिटलं.

त्यानंतर प्रत्येक खेपेला तिथे थांबणं आलंच. देवकाबाई चहा मांडायच्या, त्यांचे यजमान रामाजी आपल्या पद्धतीने स्वागत करायचे, म्हणजे डोक्याची टोपी काढून पुन्हा घालायचे. एकदा देवकाबाईंनी तुला विचारलं, “लेकरं किती वो बाई?” मी कपात पाहत राहिलो. तू अगदी सहज म्हणालीस, “खूप आहेत. सगळी शाळेत.” त्या काय समजायचं ते समजल्या, आणि पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. उलट जाताना तुझ्या पिशवीत दोन संत्री जास्त घातली. एवढी नाजूक रीत मला मोठमोठ्या घरांत दिसलेली नाही.

रामाजींचं आणि माझं सूत वेगळ्याच कारणाने जमलं. मी संस्कृत शिकवतो म्हणजे पंचांग मला तोंडपाठ असणार, अशी त्यांची खात्री. झाडं ताणावर होती, बहार यावा म्हणून पाणी तोडलेलं, पानं मलूल झालेली. त्यांनी मला बाजूला नेऊन विचारलं, “गुरुजी, तान कोन्या दिवशी तोडू?” मला काय कळणार? मी डोळे मिटले, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि सांगितलं, येत्या रविवारी. शास्त्राधार एवढाच की त्या रविवारी आपण येणार होतो आणि सुकलेल्या झाडांना पाणी सुटताना तुला पाहायचं होतं. त्या वर्षी बहार असा आला की फांदी दिसेना. तेव्हापासून त्यांच्या लेखी मी वराहमिहिराचा धाकटा भाऊ. या ताणाच्या गोष्टीवरून मला एक उपमा सुचून राहिली आहे, तुलाही सुचली असेलच. मी ती देणार नाही. उपमा दिली की तू म्हणतेस, “मास्तर, झाड आहे ते, झाडच राहू द्या.”

पुढचं आपण दोघं कधी बोललो नाही. संक्रांतीनंतरचा रविवार होता. देवकाबाईंची धाकटी नुकतीच सासरी गेली होती, घर सुनं वाटत होतं. आपण निघालो तशा त्या आतून ताट घेऊन आल्या: तांदूळ, खण, हळदकुंकू, आणि नारळाच्या जागी संत्री. “थांबा बाई, लेकीची ओटी भरली, तुमची काहून रिकामी ठेवू?” म्हणाल्या. ओटी सवाष्णीची भरतात. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, तिथल्या मांजरालाही माहीत असावं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी विहिरीवरच्या मोटरकडे पाहिलं, जणू ती दुरुस्त करायलाच मला बोलावलं होतं. मग कापडाचा आवाज आला. मी वळून पाहिलं तर तू खाली मान घालून पदर पसरला होतास आणि देवकाबाई त्यात तांदूळ ओतत होत्या.

त्या दिवशी परतताना मागून ‘डावीकडे’ असा आवाज आला नाही. मी सरळ चालत राहिलो, तूही. दुसऱ्याच कुठल्या गावाच्या पांदणीला लागलो. बस चुकली, आणि एका कापसाच्या बैलबंडीवर, एकीकडे तू आणि एकीकडे मी, मध्ये कापसाची गासडी, असे मोहगावला आलो. तू संत्री मांडीवर धरून बसली होतीस. एकही सोललं नाहीस. माझा वाटा मागायचं माझ्या मनात फार आलं, पण त्या संत्र्यांत वाटा मागणं म्हणजे काय मागणं, हे कळण्याइतकं संस्कृत मला येत होतं.

मग जूनमध्ये तू बैतूलला गेलीस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे गोटमार, नदीच्या दोन काठांवरून दोन गावांची दगडफेक. तू होतीस तेव्हा त्या दिवशी आपण आवर्जून गावाबाहेर पडायचो, कारण जाम नदीच्या अलीकडे माझे विद्यार्थी, पलीकडे सावरगावलाही माझेच विद्यार्थी, आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्या बांधलेली डोकी पाहून कोणी कोणाला मारलं ते मला हजेरी घेतानाच कळतं. यंदा एकटाच मोहगावची बस धरली. देवकाबाईंनी लांबूनच माझ्या मागची वाट पाहिली. रिकामी. “बाई कुठी हाय?” माझ्या तोंडून निघून गेलं, “माहेरी.” खोटंही नव्हतं, भावाचं घर म्हणजे माहेरच. त्या म्हणाल्या, “बरं झालं, आराम होईन.” दिवाळीनंतर गेलो. “अजून माहेरीच?” हो. त्यांनी चहा दिला, पण बरोबर काही दिलं नाही. संक्रांतीला गेलो तेव्हा चहाही स्वतः आणला नाही, रामाजींच्या हाती पाठवला आणि आतून भांड्यांना सांगितलं, “सहा सहा महिने बायको माहेरी बसते म्हंजे काही त केलं असन यानं. शिकले-सवरले लोक हायेत, मारत नसतीन. बोलून मारत असतीन.” मी बाजेवर बसून हे सगळं ऐकलं. माझ्या बाजूने बोलणारं तिथे कोणी नव्हतं. तू असतीस तर तूही त्यांच्याच बाजूने बोलली असतीस.

मला घरी जाऊन यावर हसता यायला हवं होतं. यायचंही पहिल्या पहिल्यांदा. पण आता बगीचे फुलले आहेत. मोहगावच्या अलीकडेच बसमध्ये वास शिरतो. बिड्या, घाम, डिझेल या सगळ्यांच्या वरून येतो आणि भांडणारी माणसंही क्षणभर गप्प होतात. मी शेजारच्या जागेवर पिशवी ठेवतो. कंडक्टर विचारतो, “कोनी येऊन राहिलं काय जी?” आणि मी हो म्हणतो. का म्हणतो ते ठाऊक नाही; तू तर कधीच या बसमध्ये नव्हतीस, तुझी बस उलट दिशेची. शुद्ध मराठीत ‘वाट पाहतो’ म्हणतात, आपल्याकडे ‘वाट पाहून राहिलो’. मी वर्गात हे खोडत आलो. यंदापासून खोडत नाही. विरहाचे प्रकार, पोटप्रकार, त्यांच्या अवस्था हे सारं मी परीक्षेला पाठ केलं होतं आणि पहिला आलो होतो. त्यात पिशवी ठेवलेल्या जागेचा उल्लेख कुठेही नाही.

आता पत्राचं खरं कारण. आज सकाळी बगीच्यात गेलो तर अंगणात रामाजींचं धुतलेलं धोतर वाळत होतं, त्यांची दाढी केलेली होती, आणि ओसरीवर संत्र्यांची एक करंडी पाला घालून बांधून ठेवलेली. मी विचारलं, कोणाकडे कार्य? देवकाबाई म्हणाल्या, “तुमच्याकडेच. तुमच्याच्यानं त होत नाही, आता आमचा बुढा जाते बैतूलले. मास्तर घमेंडीत बसला, बाई मानात बसली, अन् मंधात आमची लेक परकी होऊन राहिली. समजूत घालून घेऊन येईन तिले.” रामाजी सौंसरच्या बाजारापलीकडे कधी गेलेले नाहीत. टोपी काढून पुन्हा घातली आणि मला म्हणाले, “गुरुजी, दिस तुमीच काढा. तुमचा दिस खाली जात नाही.” विजया, त्यांना थांबवायला एक वाक्य पुरे होतं: देवकाबाई, त्या माझ्या पत्नी नाहीत. वाक्य तयार होतं, सोपं, निर्दोष. मी ते तोंडापर्यंत आणलं आणि ते मला खरं वाटेना. म्हणून मी पेरांवर मोजलं आणि येता रविवार काढला. रामाजी येत आहेत, दुपारच्या पॅसेंजरने, आणि करंडी उचलायला मी बरोबर येतो आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: सिवनी नको, आणि सौंसरही नको, कारण मोहगावला भेटून संध्याकाळी दोन दिशांच्या दोन बसमध्ये बसणं आता माझ्याच्याने होणार नाही. मला एकाच बसने घरी यायचं आहे. अर्जात पांढुर्णा लिहिशील का? दिलीपला काय सांगायचं ते तू ठरव. तुझ्या मनात नसेल तर शनिवारपर्यंत पोचेल असं कार्ड टाक, नेहमीसारखं हवामान लिही, मी समजेन. देवकाबाईंना जे खरं ते सांगेन आणि त्यांचं बोलणं खाईन. पण कार्ड आलं नाही तर आम्ही निघालोच समज. आज बसपर्यंत सोडायला रामाजी आले होते. वाटेत त्यांना विचारलं, बाई नाहीच म्हणाल्या तर? ते म्हणाले, “तुमी या परत, तुमची शाळा हाय. म्या बसून राहीन ओट्यावर.” विजया, मुख्याध्यापकांच्या घरी जाऊन मी आजच रजा कळवली आहे. त्यांच्या शेजारी बसेन.

तुझाच, रविवारपासून कुठेही न परतणारा,
विनायक